आबांचे गुडघे आणि उणे तापमानाची पेटी: एका प्रकरणाचा अभ्यास

रुग्ण ५६ वर्षांचे, कोल्हापूरला लागून असलेल्या गावातले ऊस शेतकरी. तरुणपणी शहरातल्या एका तालमीत राहून कुस्ती केली, खासबाग मैदानात लढले. लग्नानंतर मेहनत सुटली, खुराक मात्र तसाच राहिला. उंची ५ फूट ९ इंच, वजन ९८ किलो. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजव्याची जास्त. मधुमेह नऊ वर्षांपासून. रक्तदाबाची गोळी चालू आहे का विचारलं तर उत्तर मिळालं, "आठवण झाली की घेतो." घरात आणि गल्लीत सगळे त्यांना आबा म्हणतात; इथंही तेवढंच नाव पुरे.

आबा त्या दिवशी उपचारासाठी आले नव्हते, होकार घ्यायला आले होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं त्यांच्यासाठी तिथल्या एका केंद्रात पूर्ण शरीराच्या क्रायोथेरपीची दहा सत्रं आगाऊ पैसे भरून ठेवली होती. दर वेळी तीन मिनिटं कडाक्याच्या थंडीत उभं राहायचं. सूज उतरते, गुडघे मोकळे होतात, वजनही कमी होतं, असं त्याला सांगितलं होतं. सोबत पुतण्या होता, २१ वर्षांचा, सध्या तालमीत असलेला. आबा म्हणाले, "पोरानं एवढा जीव लावून केलंय मॅडम, न्हाई कसं म्हणू? तुम्ही एकदा बघा आणि हो म्हणा."

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण या वाक्यात आहे. क्रायोथेरपी आता भेट म्हणून दिली जाते आणि भेट नाकारणं आपल्याकडे अवघड असतं. 'फायदा होतो का' हा प्रश्न सगळे विचारतात. आत कोण जाणार आहे आणि आत नेमकं काय आहे, हे दोन प्रश्न त्याच्या आधीचे आहेत, आणि आबांच्या बाबतीत ते कुणीच विचारले नव्हते.

आत नेमकं काय असतं

संपूर्ण शरीराला थोडा वेळ अतिथंड हवेत ठेवण्याची ही पद्धत १९७८ मध्ये जपानमध्ये तोशिमा यामाउची यांनी र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, म्हणजे आमवाताच्या रुग्णांसाठी सुरू केली. पुढं ती पोलंडमध्ये रुजली, मग खेळाडूंकडे गेली आणि तिथून सौंदर्य आणि वजन कमी करण्याच्या बाजारात. तापमान साधारण उणे ११० ते उणे १४० अंश सेल्सिअस, वेळ दोन ते चार मिनिटं.

यंत्रं दोन जातीची. एक म्हणजे विजेवर थंड केलेली खोली. तिच्यात माणूस डोक्यासकट आत जातो आणि नेहमीचीच, पण गोठवणारी हवा श्वासात घेतो. दुसरी उभी पेटी. डोकं बाहेर राहतं आणि गळ्याखाली द्रवरूप नायट्रोजनची वाफ सोडली जाते. जाहिरातीत दोन्हींचं नाव एकच असतं, धोके मात्र वेगळे.

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो आणि एका लिटरचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. लहान, बंद खोलीत तो साठला की ऑक्सिजनला जागा उरत नाही. आपल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास असतो, १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती हवा असुरक्षित मानतात. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. गुदमरल्यासारखं होतं ते शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यानं. नायट्रोजनमध्ये श्वास घेताना तो नीट बाहेर पडत राहतो, त्यामुळे जीव घाबरा न होताच माणूस कोसळतो. २०१५ मध्ये अमेरिकेत लास वेगासजवळ अशा केंद्रातली एक कर्मचारी काम संपल्यावर एकटीच पेटीत गेली आणि मरण पावली. मृत्यूचं कारण ऑक्सिजनची कमतरता असं ठरलं. एप्रिल २०२५ मध्ये पॅरिसच्या एका जिममध्ये क्रायोथेरपीच्या यंत्रातून नायट्रोजन गळाल्याचा संशय होता, तिथंही एका कर्मचारी महिलेचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी जीव गेलेल्यांत तिथं काम करणारं माणूस होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सरावानं या वायूपासून संरक्षण मिळत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जुलै २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की पूर्ण शरीराच्या क्रायोथेरपीच्या कोणत्याही यंत्राला त्यांनी आजारावरच्या उपचारासाठी मान्यता दिलेली नाही. गुदमरणं, हिमदंश, त्वचा भाजणं आणि डोळ्यांना इजा हे धोके त्यांनी नावानिशी सांगितले.

तपासणी

आबांना आधी दहा मिनिटं शांत बसवलं. रक्तदाब १५८/९६. थोड्या वेळानं पुन्हा घेतला, १५२/९४. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.४.

इतक्या थंडीत पाऊल टाकताक्षणी त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या बाजूला ढकललं जातं, नॉरअ‍ॅड्रेनालिन हे ताणाच्या वेळी सुटणारं संप्रेरक वाढतं आणि वरचा रक्तदाब काही मिनिटं चांगलाच चढतो. निरोगी तरुणाचं हृदय ते झेलतं. १५० च्या पुढं असलेल्या, गोळी नियमित न घेणाऱ्या माणसाला तो चढ कुठवर नेईल हे कुणी सांगावं? या उपचाराच्या बहुतेक नियमावल्यांमध्ये आटोक्यात नसलेला रक्तदाब हे आत न जाण्याचं पहिलं कारण असतं. त्यासोबत अलीकडचा हृदयविकाराचा झटका, छातीत दुखणं, ठोक्यांची अनियमितता, पेसमेकर, पायांच्या धमन्यांचे आजार, शिरेत रक्ताची गाठ, फिट येणं, गर्भारपण आणि उघड्या जखमाही येतात. थंडीत बोटं पांढरी पडण्याचा रेनॉड्स हा आजार असलेल्यांनी आणि गार लागल्यावर अंगावर पित्त उठणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

रक्तदाबावरच थांबता आलं असतं. तेवढ्या आकड्यावर मी नाही म्हटलं असतं, आबांनी महिनाभर गोळी घेतली असती आणि दाब उतरला की पुन्हा विचारायला आले असते. म्हणून पायांकडे वळले.

टाचांना भेगा होत्या, उजवीकडची एक ओली. तळव्यावर एक बरी झालेली खोल खूण. ती कशाची, विचारलं. आबा सहज म्हणाले, खोडव्यातून चालताना उसाचा बुडखा घुसला होता. कळलं नाही, घरी आल्यावर चपलेत रक्त दिसलं. "पैलवानाचं कातडं जाड असतंय मॅडम." पुतण्या कौतुकानं हसला. मला मात्र तिथंच सगळं प्रकरण समजलं.

मोनोफिलामेंट हा नायलॉनचा बारीक धागा असतो. १० ग्रॅमचा दाब दिला की तो वाकतो. रुग्णानं डोळे मिटायचे आणि स्पर्श जाणवला की सांगायचं. उजव्या तळव्यावर चार ठिकाणी आबा गप्प राहिले, डाव्या तळव्यावर दोन ठिकाणी. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवला, त्याची थरथर दोन्ही पायांना कळली नाही. मधुमेहानं नसांची संवेदना गेली होती आणि घरातले सगळे त्याला काटकपणा समजत होते. गुडघ्याभोवतीची संवेदना मात्र शाबूत होती. ही गोष्ट पुढं उपयोगी पडली.

थंडीत हात-पायांची बोटं, कान, नाक सर्वांत आधी गारठतात. बधिर होण्याआधी ती दुखतात, जळतात, टोचतात. ती वेदना म्हणजे बाहेर पडण्याची सूचना. आबांच्या पायांना ती मिळालीच नसती. तीन मिनिटं ते हसत उभे राहिले असते, आणि हिमदंशाचा फोड दुसऱ्या दिवशी चपलेत सापडला असता, बुडख्याच्या जखमेसारखाच. मधुमेही पायावरची जखम बरी व्हायला किती काळ घेते आणि कधीकधी कुठवर जाते, हे कोल्हापुरातल्या कुठल्याही सर्जनला विचारावं.

ओल्या भेगेचा प्रश्न वेगळा. ओल असेल तिथं थंडी चावते. जस्टिन गॅटलिन हा अमेरिकेचा ऑलिंपिक विजेता धावपटू २०११ च्या जागतिक स्पर्धेला दक्षिण कोरियात पोचला तो पायांना हिमदंश घेऊनच. क्रायोथेरपीच्या खोलीत तो ओले मोजे घालून गेला होता. म्हणून अंग पूर्ण कोरडं हवं, तेल किंवा मलम लावलेलं नको, मोजे आणि हातमोजे कोरडे हवेत, कान झाकलेले हवेत, अंगावर धातू नको. आबांच्या कमरेला चांदीचा करगोटा, गळ्यात साखळी आणि ताईत. रोज सकाळी गुडघ्यांना तेल चोळायची सवय. कान मातीत घासून गाठाळलेले. यातलं काहीही केंद्रानं विचारलं नव्हतं.

फॉर्म कुणी भरला

आबांच्या समोरच मुलाला फोन लावला. सुरुवातीला तो नाराज झाला, आणि ते समजण्यासारखं होतं. लांब राहणाऱ्या पोराला वडिलांसाठी काहीतरी करायचं असतं. केंद्राकडे प्रकृतीचा फॉर्म भरला होता का, असं मी विचारलं. होय, ऑनलाइन, त्यानंच. इंग्रजीत पंधरा-वीस प्रश्न होते, एक सोडून सगळ्यांपुढं 'नाही'. मधुमेह आहे का, याचं उत्तर 'होय, नियंत्रणात' असं त्यानं दिलं होतं, कारण घरी फोनवर त्याला नेहमी तेच ऐकायला मिळायचं. हातापायांना बधिरपणा आहे का, याला 'नाही'. ते तर आबांनाही माहीत नव्हतं.

म्हणून माझा पहिला आग्रह असा: फॉर्म ज्याचं शरीर आत जाणार आहे त्यानंच भरावा, त्याला कळणाऱ्या भाषेत, आणि त्या आठवड्यात मोजलेला रक्तदाब आणि पायांची तपासणी हाताशी असताना. प्रेमानं भरलेला फॉर्मही चुकीचा असू शकतो, आणि खाली सही झाली की जबाबदारी केंद्राच्या अंगावरून उतरते.

मग मुलानं केंद्राला फोनवर घेतलं आणि आम्ही चौघांनी मिळून प्रश्न विचारले. यंत्र विजेचं की नायट्रोजनचं? नायट्रोजनचं. खोलीत ऑक्सिजन मोजणारा आणि कमी झाल्यावर वाजणारा अलार्म आहे का? "मशीन इम्पोर्टेड आहे, पूर्ण सेफ आहे." हे उत्तर नव्हतं. पुन्हा विचारलं तर "बघून सांगतो." आत माणूस असताना कर्मचारी समोर सलग उभा असतो का? एकच कर्मचारी, शेजारच्या खोलीतही त्याचंच काम. आत जाण्यापूर्वी रक्तदाब कोण मोजतं? कुणी नाही, फॉर्म असतो ना. उंचीप्रमाणे खालचा फळा वरखाली करून हनुवटी काठाच्या वर राहील हे कोण बघतं? यावर मात्र नीट उत्तर मिळालं, तो भाग त्यांना शिकवलेला होता. चक्कर आली तर दार आतून ढकलून उघडतं का? उघडतं.

बोलणारा मुलगा नम्र होता, काही लपवत नव्हता. त्याला जेवढं प्रशिक्षण मिळालं होतं तेवढं तो सांगत होता. पण ज्या वायूला वास नाही, तो अलार्मशिवाय कुणाच्याच लक्षात येणार नाही. नायट्रोजनच्या पेटीशी अलार्म नसेल तर माझ्या मते तिथून परत फिरावं, तब्येत कितीही ठणठणीत असो.

गुडघ्याला मिळालं काय असतं

धोके बाजूला ठेवले तरी हा प्रश्न उरतोच. क्रायोथेरपीनंतर वेदना थोडा वेळ कमी वाटते, आणि आमवाताच्या काही लहान अभ्यासांमध्ये तसं दिसलंही आहे. आबांना आमवात नाही. त्यांच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, झिजली आहे, आतल्या बाजूची फट कमी झाली आहे आणि मांडीचे स्नायू वजनाच्या मानानं कमजोर आहेत. तीन मिनिटांच्या थंडीनं यातलं काही बदलत नाही.

शिवाय उणे ११० हा आकडा वाटतो तेवढा आत पोचत नाही. हवा उष्णता फार हळू ओढते, पाणी तिच्यापेक्षा सुमारे २५ पट वेगानं. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांच्या हवेत लोक स्वेटर घालून रंकाळ्यावर मजेत फिरतात. तेवढ्याच गार पाण्यात गळ्यापर्यंत उतरलं तर काही मिनिटांत दात वाजतील. पेटीत कातडी झपाट्यानं गार होते, आतल्या स्नायूंचं आणि शरीराच्या गाभ्याचं तापमान थोडंच उतरतं. वजन उतरण्याच्या दाव्याबद्दल एवढंच: तीन मिनिटांत शेकडो कॅलरी जळतात याला भक्कम पुरावा नाही, आणि आबांच्या जेवणातलं तूप त्या तीन मिनिटांना पुरून उरेल.

पुतण्याचा प्रश्न

इतका वेळ गप्प बसलेला पुतण्या म्हणाला, "मग मी जाऊ का? मला तर काय बी आजार न्हाई." प्रश्न रास्त होता. त्याच्या तालमीत पोरं कधीकधी मोठ्या पिंपात बर्फाची लादी फोडून टाकतात आणि त्यात बसतात, हेही त्यानं सांगितलं.

२०१५ मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन समूहानं व्यायामानंतरच्या स्नायूदुखीवर क्रायोथेरपीचा आढावा घेतला. हाताशी आलेले अभ्यास चारच होते, मिळून ६४ जण, आणि त्यात स्त्रिया फक्त चार. दुखणं कमी होतं असं ठामपणे सांगायला तेवढा पुरावा पुरेसा नाही, असाच निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा एक अभ्यास पैलवानांनी नक्की लक्षात ठेवावा. १२ आठवडे वजनाचा व्यायाम केल्यावर दर वेळी दहा मिनिटं १० अंशांच्या पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद, हलका व्यायाम करून अंग मोकळं करणाऱ्यांपेक्षा कमी वाढली. मेहनतीनंतर स्नायूत जी उलथापालथ होते तिच्यातूनच तो बांधला जातो. रोज थंडीनं ती दाबली तर खुराकाचा आणि मेहनतीचा काही भाग वाया जातो.

त्याला सांगितलं की ताकद कमावण्याच्या दिवसांत गार पाणी नको. स्पर्धेत एका दिवशी दोन-तीन कुस्त्या असतील तेव्हा चालेल, आणि त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. पिंपातल्या पाण्याला थर्मामीटर लावायचा, १० ते १५ अंश ठेवायचं, दहा मिनिटांच्या पुढं जायचं नाही. एकट्यानं कधीच बसायचं नाही. पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, तोवर डोकं पाण्याखाली न्यायचं नाही. बर्फ कातडीला थेट लागू द्यायचा नाही.

आबांसाठी ठरलं ते

क्रायोथेरपीला स्पष्ट नकार, आणि तो मी लिहून दिला. तोंडी नकार पाहुण्यांच्या आग्रहात टिकत नाही.

रक्तदाब आणि साखरेसाठी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात पाठवलं. गोळी 'आठवण झाली की' ऐवजी सकाळच्या चहाबरोबर ठरली. ओल्या भेगेवर उपचार झाले. शेतात उघड्या चपलेऐवजी बंद बूट, रोज रात्री तळवे बघण्याचं काम काकूंकडे. गरम पाण्यात पाय शेकायची त्यांची सवय थांबवली. बधिर पायाला गार जसं कळत नाही तसं गरमही कळत नाही, आणि आपल्याकडे शेकताना पाय भाजून येणारे मधुमेही कमी नाहीत.

गुडघ्यासाठी बैठका सांगितल्या तेव्हा आबा पहिल्यांदा खुलले. पूर्ण बैठक मात्र मनाई. भिंतीला पाठ लावून अर्धीच, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, आणि पाय सरळ ठेवून उचलणं. शेतातून आल्यावर गुडघा सुजला तर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ, दहा ते पंधरा मिनिटं, फक्त गुडघ्यावर. तिथली संवेदना शाबूत असल्यामुळं हे चालतं. वजनाबद्दल एकच आकडा सांगितला: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो. तो त्यांना पटला. मटण बंद करायला लावलं नाही. रात्रीचं दूध-तूप आणि दुपारची दुसऱ्यांदा घेतलेली भाकरी कमी झाली.

तीन महिन्यांनी वजन ९३, रक्तदाब १३४/८४, एचबीए१सी ७.५. दहापैकी सात असलेलं दुखणं चारवर आलं. जोतिबाच्या पायऱ्या उतरताना अजून कठडा लागतो, चढताना लागत नाही. चमत्कार झालेला नाही, झालेली झीज भरून निघणारही नाही.

दहा सत्रांचं पुढं काय झालं, तेही सांगते. केंद्रानं ती मुलाच्या नावावर करून देण्याची तयारी दाखवली. तो २९ वर्षांचा, निरोगी. त्यानं ऑक्सिजनच्या अलार्मबद्दल लेखी विचारलं, उत्तर आलं नाही, तेव्हा पैसे परत मागितले. काही रक्कम कापून बाकीचे मिळाले आणि त्यातून घरी रक्तदाब मोजण्याचं यंत्र आणि आबांचे बूट आले. आबांनी मला परवा पुन्हा विचारलं, आता दाब उतरलाय, मग एकदा बघायला जाऊ का. पाय पुन्हा तपासले. उजव्या तळव्यावरचे चार बिंदू तसेच बधिर आहेत, त्यामुळं उत्तरही तेच दिलं.